तात्पर्य नसलेला आठवडा

मे महिन्यात भाचीची दोन्ही मुलं सांगलीला माझ्याकडे राहायला आली होती. भाची आणि जावई बंगळुरूला नोकरी करतात, दोघांनाही रजा नव्हती आणि शाळेला मात्र सुट्टी होती. थोरली 11 वर्षांची, धाकटा साडेपाचचा. मराठी दोघंही फाडफाड बोलतात, पण ती सगळी कानाने शिकलेली. थोरली देवनागरी वाचते ती प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबा घेत, आणि धाकट्याला अजून कुठलीच लिपी धड येत नाही. मी त्यांची आत्याआजी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मुलांची पुस्तकं जमवते आणि वाचते. घरात लहान मूल नसताना ही पुस्तकं कशाला, असं शेजारणी विचारतात. कादंबऱ्या वाचायला घरात जमीनदार लागतो का?

मुलं यायच्या आधी एक ठरवून टाकलं होतं. मी मोठ्याने वाचणार, त्यांनी ऐकायचं आणि चित्रं बघायची, आणि वाचून झाल्यावर ‘मग यातून आपण काय शिकलो?’ असं कुणीही विचारायचं नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरात ‘तात्पर्य’ असायचं. मी आधी तेच वाचायची. ते कंटाळवाणं वाटलं तर वरची गोष्ट वाचायचे कष्टच घ्यायची नाही. गोष्टीचं इतकं वाईट कुणी करू नये.

सुरुवात ‘राधाचं घर’ने केली. माधुरी पुरंदऱ्यांची ही पुस्तकं म्हणजे राधाच्या घरातल्या एकेका माणसावर एकेक लहानसं पुस्तक. त्यांत घडत काहीच नाही. घर आहे, त्यातली माणसं आहेत, ती आपापली कामं करतात. धाकटा पहिल्या पुस्तकाला जरा चुळबुळला, दुसऱ्यापासून माझ्या हाताखालून मुंडी घालून पानावरच आडवा झाला. मी वाक्य संपवून पान उलटायला जावं तर हा हात धरून ठेवायचा, कारण त्याचं बघून झालेलं नसायचं. वाक्य वाचायला मला पाच सेकंद लागतात, चित्र वाचायला त्याला दोन मिनिटं. आम्ही मोठी माणसं चित्रांवरून नजर फिरवतो आणि समजतो की पान वाचून झालं.

पुरंदरे बाईंचं मला जे आवडतं ते हेच, की लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच आहे. त्यामुळे जे चित्रात आलं ते मजकुरात पुन्हा सांगितलं जात नाही. आपल्याकडच्या पुष्कळ पुस्तकांत ‘मनीने लाल फ्रॉक घातला होता’ असं वाक्य आणि शेजारी लाल फ्रॉकातली मनी, एवढाच संसार असतो. मग चित्र कशाला? आणि चित्र ठेवायचं असेल तर वाक्य कशाला? चित्रकला शिकलेली, पॅरिसला जाऊन आलेली, पिकासोचं चरित्र लिहिणारी, बेकेटचं नाटक मराठीत आणणारी ही बाई साडेपाच वर्षांच्या वाचकासाठी लिहिते, तेव्हा तेवढ्याच गांभीर्याने लिहिते. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा मी बँकेत पेढे वाटले होते. आमच्या मॅनेजरसाहेबांना वाटलं, मला नातू झाला.

त्यांचंच ‘चित्रवाचन’ दुसऱ्या दिवशी काढलं आणि खरी गंमत थोरलीची झाली. मराठी वाचायला सांगतील या धास्तीने ती आल्यापासून जरा लांबून वागत होती. या पुस्तकात चित्रं बघायची आणि आपण बोलायचं, हे कळल्यावर ती जी सुटली! एका पानावरच्या गर्दीतली दोन माणसं तिने हेरली, ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत म्हणजे त्यांचं भांडण झालंय असं ठरवलं, आणि भांडणाचं कारण, त्यातली उसनवारी, मधे पडलेली मेहुणी, सगळं रचून सांगितलं. मराठी इतकी झणझणीत की मला हसू आवरेना. धाकट्याने मधेच, मेहुणी म्हणजे कोण, असं विचारलं, तर त्याला सांगितलं, ‘गप रे, ती पण यातच कुठेतरी आहे, शोध.’ तो शोधत बसला. अक्षर न येणाऱ्या मुलाला आपण अडाणी समजतो, पण त्याला गोष्ट रचता येते, माणसं ओळखता येतात, नातं लावता येतं. अक्षर तेवढं उशिरा येतं.

मुलांनी बंगळुरूहून आपलं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’. 1963 सालचं. लांडग्याचा पोशाख घालून धिंगाणा करणाऱ्या मॅक्सला आई जेवण न देता खोलीत पाठवते, खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून राक्षसांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होतो आणि परत येतो. थोरलीने इंग्रजीत वाचलं, मग मी मराठीत सांगितलं. मी हे पुस्तक पूर्वी नुसतं चाळलं होतं. या वेळी मांडीवर मूल घेऊन वाचताना त्याची करामत दिसली. सुरुवातीला चित्र पानाच्या मधोमध छोटंसं असतं, भोवती पांढरा कागद. मॅक्सचं जंगल वाढतं तसं चित्र वाढतं. पांढरी कड आक्रसत जाते, मग चित्र समोरच्या पानावर सांडतं, आणि राक्षसांचा धुडगूस सुरू होतो तेव्हा सलग तीन जोडपानं नुसती चित्रं, एक अक्षर नाही. तिथे वाचणाऱ्या मोठ्या माणसाची पंचाईत होते, कारण वाचायला काहीच नाही. धाकट्याची झाली नाही. त्याने तिन्ही जोडपानं घसा फाडून ओरडत पार केली. भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय हो, पडला का कोण?’

आणि शेवटी मॅक्स खोलीत परत येतो तेव्हा जेवण मांडून ठेवलेलं आहे. शेवटच्या पानावर चित्र नाही, ते जेवण अजून गरम होतं एवढंच लिहिलेलं. धाकटा म्हणाला, ‘कुणी ठेवलं?’ मी काही बोलले नाही. त्याने पुस्तक पहिल्यापासून उलटून बघितलं. संपूर्ण पुस्तकात आई एकाही चित्रात नाही. ‘आईने,’ तो म्हणाला, ‘पण ती दिसतच नाही.’ हीच गोष्ट आमच्याकडच्या एखाद्या लेखकाने लिहिली असती तर शेवटी आईने मॅक्सला जवळ घेऊन, आईवडिलांचं ऐकावं हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं असतं. वर चौकटीत पुन्हा छापलं असतं.

असं एक पुस्तक त्याच आठवड्यात घरात आलंही. ओळखीच्यांनी मुलांना खाऊबरोबर दिलं. नाव सांगत नाही. विजार घातलेला ससा, आळशी माकड, प्रत्येक गोष्टीला बोध. चित्रं कुणी काढली याचा पत्ता नाही. धाकट्याने ते उशीखाली ठेवलं आणि विसरला.

चित्रकाराच्या नावाचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकते. मुलांच्या पुस्तकावर लेखकाचं नाव ठसठशीत आणि चित्रकाराचं आत, मुद्रकाच्या पत्त्याच्या शेजारी, भिंग लावून शोधावं लागेल इतकं बारीक, ही आपली जुनी खोड. अलीकडे सुधारणा आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या, तूलिकाच्या, प्रथम बुक्सच्या पुस्तकांत चित्रकाराला त्याची जागा मिळते. पण अजून मी दुकानात ‘अमुक चित्रकाराचं काय आहे?’ असं विचारलं की काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघत राहतो.

मधे एका संध्याकाळी वळीव आला आणि वीज गेली. पुस्तक बंद. मग पाठ असलेल्या विंदांच्या कविता काढल्या. ‘एटू लोकांचा देश’ 1963 चा, माझ्या वडिलांनी माझ्या भावासाठी आणलेला. भुताखेतांच्या दुनियेतली पिशीमावशी नंतरची, 1981 ची, ती मी माझ्या पगारातून घेतली होती. अंधारात पिशीमावशी म्हणण्याची मजा दिवसा येत नाही. या कवितांचा अर्थ काय, असं दोघांपैकी कुणी विचारलं नाही. थोरली फक्त म्हणाली, ‘हे लिहिणारे आजोबा वेडे होते का?’ त्यांना ज्ञानपीठ मिळालंय म्हटल्यावर तिला पुरस्काराविषयीच आदर वाटायला लागला.

फास्टर फेणे मात्र मी जरा भीत भीतच काढला. आपल्याला जे पुस्तक लहानपणी प्राणप्रिय असतं ते पुढच्या पिढीला देताना छातीत धडधडतं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत, सायकलवर, तोंडात सतत ‘ट्टॉक’. भाषा आता जुनी वाटते, काही ठिकाणी मलाच थांबून समजवावं लागलं. पण वेग तसाच आहे. भागवतांना वाक्य कुठे तोडायचं ते कळतं. प्रकरण अशा जागी संपतं की दिवा मालवणाऱ्याला शिव्या बसाव्यात. थोरलीला आवडला. दोन दिवस घरात ट्टॉक ट्टॉक चाललं होतं. मग तिने विचारलं, ‘यात सगळं मुलगेच का करतात?’ प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लहानपणी वाचताना स्वतःला बिनदिक्कत फाफे समजत होते, बाजूला उभी राहणारी मुलगी नव्हे, एवढं तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही.

‘तोत्तोचान’, म्हणजे एका जपानी मुलीची आणि तिच्या शाळेची गोष्ट, तिने आधी इंग्रजीत वाचली होती, म्हणून मराठी घेऊन बसायला तयार नव्हती. चेतना सरदेशमुख गोसावींचं भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने काढलंय, माझी प्रत तर हाताळून मऊ पडली आहे. तिला मी फक्त चित्रांची हकीकत सांगितली. मूळ पुस्तकातली ती फिकट, पाण्यात विरघळल्यासारखी मुलं चिहिरो इवासाकीने काढलेली. ती 1974 मध्ये वारली आणि पुस्तक आलं 1981 ला. म्हणजे चित्रं त्या गोष्टीसाठी काढलेलीच नव्हती. लेखिका तेत्सुको कुरोयानागीने इवासाकीच्या चित्रांच्या साठ्यातून निवडून घेतली, आणि आज ती चित्रं सोडून तोत्तोचान डोळ्यांसमोर येत नाही. थोरली मोबाइलवर चित्रं शोधत बसली. मराठी वाचन त्या दिवशी शून्य. चालायचंच.

जास्त वेळ गेला तो ल. म. कडूंच्या ‘खारीचा वाटा’ला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची ही कादंबरी, 2017 चा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेली. कडू स्वतः चित्रकारही आहेत आणि ते लिहिण्यात जाणवतं. झाड म्हणजे नुसतं झाड नसतं, ते कुठलं, त्याच्यावर कोण बसतं, हे त्यांना दिसत असतं. पुस्तक हळू आहे. थोरलीला बंगळुरूच्या वेगाची सवय, मला वाटलं पळून जाईल. पण पाणी चढणार हे आधीपासून ठाऊक असताना वाचणं म्हणजे काय असतं, ते तिला माझ्या घरात वेगळं सांगावं लागलं नाही.

आमचं घर गावभागात. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे. रंग दिला तरी पावसाळ्यात पुन्हा उमटते. ऑगस्ट 2019 ची. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आम्ही चार कपडे घेऊन विश्रामबागला भावाकडे गेलो होतो. परत आल्यावर चिखलात काय काय होतं ते जाऊ दे. पुस्तकांच्या कपाटाचे खालचे कप्पे गेले. नगर वाचनालयाचं त्याहून कितीतरी मोठं नुकसान झालं. दीडशे वर्षांचं वाचनालय, आणि लगदा झालेले ग्रंथांचे ढीग बघून माझ्यासारख्या किती जणी तिथे उभ्या राहून रडल्या असतील. थोरलीने आल्या दिवसापासून ती रेघ पाहिली होती, पण तिचा अर्थ विचारला तो या कादंबरीच्या मधे. मी सांगितलं. ती उठून रेघेशेजारी उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या वर गेली. मग म्हणाली, ‘पण तुमचं पाणी उतरलं.’ बस, एवढंच बोलली आणि पुढे वाच म्हणाली. धरणाचं पाणी उतरत नाही, हे कादंबरीत कुणी तिला असं समजावून दिलेलं नव्हतं.

खालच्या कप्प्यात ‘किशोर’चे बांधून घेतलेले अंक होते. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं, आणि आमच्या पिढीचं अर्धं शिक्षण त्यावर झालंय. गेले म्हणून मी हळहळत होते, तर भाचीने दाखवलं की जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. तेव्हापासून मला माझी हळहळ जरा आवरती घ्यावी लागली. मुलांना एक जुना अंक पडद्यावर काढून दिला. धाकट्याने मुखपृष्ठ बोटांनी मोठं करून बघितलं, आतल्या कोड्यावर बोटाने रेघोट्या मारल्या आणि त्या उमटत नाहीत म्हणून चिडला.

जी. एं.ची ‘बखर बिम्मची’ फक्त माझ्यासाठी होती असं आता म्हणते. 1986 साली आलेलं पुस्तक. काळ्याकुट्ट, खोल कथा लिहिणारा हा माणूस शेवटच्या काळात एका पिटुकल्या मुलाची बखर लिहितो, याचं मला दर वेळी नवल वाटतं. बिम्म आणि त्याची बहीण बब्बी यांचं बोलणं वाचताना मी एकटीच हसत होते. धाकटा तिसऱ्या पानावर झोपला. थोरलीने ‘हे मोठ्यांचं लहान मुलांचं पुस्तक आहे’ असा शेरा मारला, आणि मला वाटतं तो बरोबर आहे.

उरलेल्या दुपारी थोरली स्वतःच वाचत होती. पुस्तक होतं ‘हॅनाची सूटकेस’, केरन लेव्हाइनचं, मराठी माधुरी पुरंदऱ्यांचं. ही खरी हकीकत. तोक्योमधल्या एका लहानशा केंद्रात फुमिको इशिओका मुलांना दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या संहाराविषयी शिकवते. ऑशविट्झच्या संग्रहालयाकडून तिला 2000 साली एक सूटकेस मिळते, तिच्यावर रंगाने लिहिलेलं नाव: हॅना ब्रेडी, जन्म 16 मे 1931, आणि ‘अनाथ’ या अर्थाचा जर्मन शब्द. मुलं विचारतात, ही कोण? तिथून शोध सुरू होतो. एक प्रकरण जपानमधलं, एक चेकोस्लोव्हाकियातलं, असं पुस्तक पुढे जातं. हे मोठ्याने वाचायचं नाही हे मी ठरवलं होतं, धाकटा घरात होता. म्हणून थोरलीला म्हटलं, तुला हवं तर तू वाच. ती पायरीवर बसली आणि ओठ हलवत, जोडाक्षरं फोडत वाचत राहिली. ‘संग्रहालय’ला अडली, ‘ऑशविट्झ’ला तर मीही अडते. मधे मी सरबत नेलं तर न बघता पेला घेतला. हॅनाचा भाऊ जॉर्ज जगला का, हे तिला हवं होतं, आणि ते मराठीतच होतं, दुसरा इलाज नव्हता. भाचीने दोन वर्षं मराठीच्या क्लासवर पैसे घातलेत, त्यात हे झालं नव्हतं.

जॉर्ज जगला, कॅनडात टोरांटोला राहत होता, आणि फुमिकोच्या पत्राने त्याला बहिणीचा असा पत्ता लागला. हॅना 1944 मध्ये ऑशविट्झला मारली गेली. थोरलीने पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी विचारलंही नाही. रात्री जेवताना मी तिला पुढची एक गोष्ट सांगितली, ती पुस्तक आल्यानंतर उघडकीला आली. ती सूटकेस मूळची नव्हे. मूळ सूटकेस 1984 साली इंग्लंडमध्ये एका आगीत जळाली होती आणि संग्रहालयाने तिची हुबेहूब प्रतिकृती करून ठेवली होती. थोरली म्हणाली, ‘म्हणजे खोटी?’ मग भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून, ‘पण नाव तिचंच होतं ना. फुमिकोने तर नावच शोधलं.’ धाकट्याने विचारलं, कोण फुमिको? तिने त्याला तिच्या पद्धतीने, त्याला झेपेल तेवढंच सांगितलं. मला ते जमलं नसतं.

जाताना थोरलीने ‘हॅना’ आणि ‘खारीचा वाटा’ मागून घेतली. धाकट्याने ‘राधाचं घर’चा पूर्ण संच पिशवीत भरला आणि त्याबदल्यात राक्षसांचं पुस्तक मला ठेवून गेला. तो व्यवहार मला मान्य आहे. भाचीला मी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाचा पत्ताही दिलाय. तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, आणि हात शिवशिवले तर आपण भाषांतरही करू शकतो. सगळीच चांगली आहेत असं नाही, निवडावं लागतं. पडद्यावर धाकटा पान धरून ठेवू शकत नाही, ही माझी तक्रार आहेच.

दिवाळीत ती पुन्हा येणार आहेत. तोवर मला अक्षरं नसलेली, नुसत्या चित्रांची मराठी पुस्तकं आणखी हवी आहेत, शिवाय अकरा-बारा वर्षांच्या मुलीला वाचायला देता येईल अशी एखादी कादंबरी, जिच्यात सायकल मुलगी चालवते. कुणाला ठाऊक असतील तर सुचवा. तात्पर्यवाली नकोत, त्यासाठी उशीखाली जागा उरलेली नाही.